खाऱ्या हवेतली पट्टी : घासणाऱ्या भागांसाठी कोणते प्लास्टिक?

मुरुडला कारखाने नाहीत. दापोली तालुक्यातले हे मुरुड (जंजिऱ्याचे नव्हे) पोफळीच्या वाड्यांचे, लांबलचक पुळणीचे आणि महर्षी कर्व्यांचे गाव. तरीही यंत्रातल्या घासणाऱ्या भागांसाठी प्लास्टिकची पट्टी कशी निवडावी, हा प्रश्न तपासून पाहायला याच्याइतकी कडक जागा सापडणे कठीण. हवेत मीठ, पावसाळ्याचे चार महिने ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर दमटपणा आणि मार्च-एप्रिलमध्ये उघड्या लोखंडाला हात लावू न देणारे ऊन. शेजारी हर्णै बंदरात मासेमारी नौका आणि त्यांना बर्फ पुरवणारे कारखाने आहेत. दाभोळ-धोपावे खाडीवर 2003 पासून गाड्या वाहणारी फेरीबोट आहे. घाट उतरला की लोटे परशुरामची रासायनिक वसाहत, खालून जाणारी कोकण रेल्वे, रत्नागिरीकडे आंब्याच्या रसाचे आणि काजूचे कारखाने. रस्त्याच्या कामावर तर बॅकहो लोडर कायमचेच. या प्रत्येक ठिकाणी कुठे ना कुठे दोन धातूंच्या मध्ये एक पट्टी सरकत असते, किंवा तिच्यावरून काहीतरी सरकत असते. ती पट्टी वेळेआधी झिजली, फुगली किंवा तडकली की काम थांबते.

आपल्याकडे पट्टीची निवड बहुधा नावावरून होते. ‘नायलॉन टाका’, ‘टेफ्लॉन मजबूत असतं’, ‘डेलरिन मिळालं तर बघा’. पुढची पायरी म्हणजे माहितीपत्रकातला ताणशक्तीचा आकडा पाहून ज्याचा आकडा मोठा ते घेणे. माझे म्हणणे असे की कोकणात निवडीचा पहिला प्रश्न ताकदीचा नाही, पाण्याचा आहे. पट्टी पाणी किती पिते, पाण्याबरोबर मीठ येते की आम्ल येते की धुण्याचे क्लोरीन, आणि समोरचा धातू त्या पाण्यात गंजतो का, हे ठरले की अर्धे पर्याय आपोआप गळतात. ताकदीचा विचार उरलेल्यांत करायचा.

सुरुवात नायलॉनपासून करू, कारण सर्वाधिक वापर त्याचा आणि सर्वाधिक फसगतही त्याचीच. वॉलेस कॅरोदर्स यांनी 1935 मध्ये ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत नायलॉन-66 बनवले. तीन वर्षांनी जर्मनीत पाउल श्लाक यांनी नायलॉन-6. आपल्या बाजारात पट्ट्या आणि दांडे मिळतात ते मुख्यतः नायलॉन-6 कुळातले, त्यातही साच्यात ओतून घडवलेले ‘कास्ट नायलॉन’. हे चिवट आहे, धक्का सोसते, लेथवर आणि मिलिंगवर सुंदर कापले जाते, ग्रीस कमी मिळाले तरी चालते. बॅकहो लोडरच्या सरकत्या भागांतले वेअर पॅड पुष्कळदा याच कुळातले असतात आणि ते योग्यच आहे.

पण नायलॉन पाणी पिते. पाण्यात बुडवून ठेवले तर नायलॉन-6 आपल्या वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत पाणी शोषते. कास्ट नायलॉन त्याहून कमी, पण तेही सहा-सात टक्के. बुडवायचीही गरज नाही. पावसाळी हवेतून पाच टक्क्यांच्या आसपास पाणी सहज आत जाते. वजनात एक टक्का पाणी वाढले की लांबी, रुंदी, जाडी प्रत्येकी साधारण 0.2 ते 0.3 टक्के वाढते. म्हणजे 50 मिलिमीटर रुंदीची पट्टी पाच टक्के पाणी प्याली तर अर्धा ते पाऊण मिलिमीटरने रुंद होणार. मेमध्ये, कोरड्या गोदामातून आलेली पट्टी कुणी खाचेत 0.2 मिलिमीटर मोकळीक ठेवून चपखल बसवली, तर गणपतीच्या सुमारास ती खाचेत घट्ट अडकते. मग मिस्त्री ती काढून घासून बारीक करतो. फाल्गुनात सुकून ती खडखडते. दोष पट्टीला दिला जातो, किंवा बसवणाऱ्याला. खरा दोष मोकळीक ठरवताना ऋतू न मोजल्याचा.

यात जाडीचा हिशेब महत्त्वाचा आहे. पाणी आत झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तीन मिलिमीटरची पट्टी काही महिन्यांत, म्हणजे एका पावसाळ्यात, बऱ्यापैकी भिजते. दहा मिलिमीटरच्या पट्टीला त्याच्या अकरापट वेळ लागतो. ती कधी पूर्ण भिजतच नाही, तिचा पृष्ठभाग फुगतो आणि गाभा कोरडा राहतो. त्यामुळे जाड नायलॉन वाकते, पातळ नायलॉन अडकते. ताकदीचेही तसेच. कोरड्या नायलॉनची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे 80 न्यूटन छापलेली असते; दमट झाल्यावर ती निम्म्याजवळ येते. त्या बदल्यात चिवटपणा वाढतो, हेही खरे. म्हणून धक्के खाणाऱ्या, सैल बसणाऱ्या, वारंवार बदलता येणाऱ्या जागी नायलॉन उत्तम. मोजमाप टिकवायचे असेल तिथे, निदान किनाऱ्यावर, मी नायलॉन सुचवणार नाही. तेल मिसळलेले कास्ट नायलॉन घर्षणाला आणि दमटपणालाही थोडे बरे पडते. काचतंतू भरलेले नायलॉन ताठ असते, पण समोरचा शाफ्ट मऊ असेल तर ते तंतू त्यालाच ओरखडतात. रेल्वेत मात्र त्याची जागा पक्की आहे: सिग्नलसाठी रुळांतून वीज खेळवली जाते तिथे रूळ आणि क्लिप यांच्यामध्ये काचतंतूयुक्त नायलॉन-66 चे लायनर बसवतात. तिथे सरकणे नाही, दाब आणि वीजरोध आहे.

मोजमाप टिकवायचे तर असिटल. ड्यू पाँटने 1960 मध्ये बाजारात आणलेले डेलरिन आणि नंतर आलेले कोपॉलिमर असिटल, या दोन्ही जाती दुकानात एकाच नावाने विकल्या जातात. भिजवून ठेवले तरी असिटल एक टक्क्याच्या आतच पाणी शोषते. गिअर, मार्गदर्शक पट्ट्या, कन्व्हेयरच्या साखळीचे दुवे यांसाठी ते आवडते राहिले ते यामुळे. पण त्याला दोन शत्रू आहेत, आम्ल आणि क्लोरीन. अमेरिकेत 1970 आणि 80 च्या दशकांत घराघरांत पॉलिब्युटिलीनच्या नळांना असिटलचे जोड लावले गेले. नळाच्या पाण्यातल्या निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीनने ते जोड वर्षानुवर्षे खात नेले, घरे गळू लागली, आणि 1995 मध्ये उत्पादकांना मोठी सामूहिक तडजोड करावी लागली. नळाच्या पाण्यात क्लोरीन अगदी किंचित असते. आपल्याकडे मासळी आणि फळप्रक्रियेच्या कारखान्यांत पाळी संपल्यावर पट्टे आणि टेबले सोडियम हायपोक्लोराइटने धुतात, तेही हाताच्या अंदाजाने. तिथल्या असिटलवर पांढरी भुकटी धरू लागली तर ती झीज नव्हे, रासायनिक खाणे आहे. पट्टी बदलण्याबरोबर धुण्याच्या द्रावणाचे प्रमाणही तपासायला हवे.

अशा ओल्या, धुतल्या जाणाऱ्या जागांसाठी माझी पहिली पसंती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनला, म्हणजे बाजारातल्या यूएचएमडब्ल्यूला. कुळ साध्या पिशवीचेच, पण रेणूची साखळी इतकी लांब की रेणुभार तीस लाखांच्या पुढे जातो. पाणी जवळजवळ शून्य पिते. वाळू, मीठ, बर्फाचा चुरा यांच्या घासण्यापुढे ते नायलॉनपेक्षा जास्त टिकते. मोठ्या बंदरांत धक्क्याच्या फेंडरवर जहाजाची कूस जिथे घासते तिथे याच्या 30-40 मिलिमीटर जाड पाट्या बोल्टने बसवलेल्या असतात, बोल्टची डोकी खोल बुडवून. आपल्याकडच्या छोट्या जेट्यांवर जुने टायर टांगतात. टायर धक्का शोषतात पण सरकू देत नाहीत. भरती-ओहोटीला नौका वरखाली होताना फळी किंवा फायबरचा थर त्यांच्यावर ओरबाडला जातो. टायर मागे आणि यूएचएमडब्ल्यूची पाटी पुढे, अशी साधी जोडणी हर्णैसारख्या बंदरात फार उपयोगाची ठरेल. बाटल्या आणि डबे वाहणाऱ्या कन्व्हेयरखालच्या पट्ट्याही याच्याच असाव्यात. अन्नाशी संपर्काला योग्य माल मागताना भारतीय मानक 10146 चा उल्लेख करावा.

त्याच्या उणिवाही स्पष्ट आहेत. सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ते कामाचे नाही. ते मऊ आहे, जड दाबाखाली हळूहळू दबते. पांढरा माल उन्हात ठिसूळ होतो, म्हणून उघड्यावर काजळी मिसळलेला काळाच घ्यावा. आणि उष्णतेने ते फार वाढते. एक मीटर पोलाद तीस अंश तापले तर 0.36 मिलिमीटर वाढते. एक मीटर यूएचएमडब्ल्यू तेवढ्याच तापमानफरकाने सुमारे सहा मिलिमीटर. पहाटे गार असलेली जेटीची पट्टी दुपारी पन्नास-पंचावन्न अंशांना जाते, म्हणजे हा फरक रोजचा. गोल भोके पाडून दोन्ही टोकांना बोल्ट आवळले तर पट्टी मध्येच कमान धरते किंवा भोकापासून फाटते. मधले एक भोक गोल, बाकीची लंबगोल, बोल्टभोवती धातूची नळी, म्हणजे आवळण्याचा दाब प्लास्टिकवर न येता नळीवर येतो. लांब पट्टीचे दोन-तीन तुकडे करून मध्ये फट ठेवावी. चिकटवण्याचा विचार सोडावा. याला नेहमीचा कोणताही गोंद नीट धरत नाही.

टेफ्लॉनची कथा जगाला माहीत आहे. रॉय प्लंकेट यांना 6 एप्रिल 1938 रोजी वायूच्या नळकांड्यात अनपेक्षितपणे सापडलेली पांढरी भुकटी. 260 अंशांपर्यंत टिकणारी, ऊन-पाणी-आम्ल यांपैकी जवळजवळ कशानेही न बिघडणारी. मात्र तिचा कोकणातला सर्वांत भव्य उपयोग फारसा कुणाला ठाऊक नसतो. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर कोकण रेल्वेचा 424 मीटर लांब, सुमारे 64 मीटर उंच पूल आहे. तो ढकलत पुढे नेण्याच्या पद्धतीने बांधला: डेकचा एक एक भाग दरीच्या काठावर ओतायचा, आधीच्या भागाला जोडायचा आणि हायड्रॉलिक जॅकनी अख्खी लांबी खांबांवरून पुढे सरकवायची. या पद्धतीचा जीव म्हणजे खांबाच्या माथ्यावर गुळगुळीत स्टेनलेस पत्रा आणि काँक्रीटच्या मध्ये सरकवायचे टेफ्लॉनमढवलेले रबरी पॅड. डेक पुढे गेला की पॅड एका बाजूने बाहेर पडतो, कामगार तो उचलून दुसऱ्या बाजूने पुन्हा आत घालतात. घर्षण पाच टक्के धरले तर शंभर टन सरकवायला पाच टनांची रेटी पुरते. पोलादावर पोलाद असते तर तीस टनांच्या पुढे लागली असती. टेफ्लॉनवर दाब वाढला की घर्षणाचा गुणांक उलट कमी होतो, हा त्याचा दुर्मिळ गुण इथे कामी येतो.

पण नुसते टेफ्लॉन पट्टी म्हणून दुबळे. ते दाबाखाली बाहेर पसरते आणि लवकर झिजते. म्हणून त्यात काच, कार्बन किंवा ब्राँझची पूड भरतात. हायड्रॉलिक सिलिंडरच्या पिस्टनवर जी तपकिरी पट्टी गुंडाळलेली दिसते ती बहुधा चाळीस टक्क्यांच्या आसपास ब्राँझ भरलेल्या टेफ्लॉनची. तिचे काम पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीला टेकू न देण्याचे. तिथे बाजूचा भार जास्त असेल तर कापडाचे थर देऊन बनवलेली फिनॉलिक पट्टी अधिक भरवशाची. खाऱ्या पाण्याला थेट लागणाऱ्या जागी ब्राँझ भरलेली पट्टी टाळावी, कार्बन किंवा काच भरलेली घ्यावी.

टेफ्लॉनपट्टीचे खरे कसब मात्र किनाऱ्यापासून दूर, पुण्यात भोसरीला आणि कोल्हापुरात शिरोली-गोकुळ शिरगावला पाहायला मिळते. जुने ग्राइंडिंग किंवा मिलिंग यंत्र दुरुस्तीला आले की त्याच्या सरकत्या बेडवर ‘टर्साइट’ची हिरवट-निळसर पट्टी लावतात, तीही ब्राँझ भरलेल्या टेफ्लॉनचीच. ओतीव लोखंडावर लोखंड सरकते तेव्हा सुरुवातीला जास्त जोर लागतो आणि सुटल्यावर झटका बसतो. मायक्रॉनमध्ये सरकवायचे तर हा झटका घातक. टेफ्लॉनचे सुटतानाचे आणि सरकतानाचे घर्षण जवळपास सारखेच असते. या पट्टीची एक बाजू सोडियमच्या द्रावणाने काळपट केलेली असते, कारण कोरे टेफ्लॉन कशालाच चिकटत नाही. ती बाजू इपॉक्सीने लोखंडावर चिकटवायची, वजन ठेवून रात्रभर तशीच ठेवायची, मग तेलाच्या खाचा कापायच्या आणि शेवटी निळा रंग लावून हाताने स्क्रेपिंग करत उंचवटे उतरवायचे. ही काळपट बाजू सूर्यप्रकाशात आपली चिकटण्याची ताकद गमावते. उघड्या खिडकीत गुंडाळी ठेवणारा कारागीर नंतर गोंदाला दोष देतो.

सर्वांत वरच्या पायरीवर पीईईके. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत 1978 मध्ये जन्मलेले हे प्लास्टिक 343 अंशांना वितळते, 250 अंशांवर सलग काम करते, गरम पाणी आणि वाफ सोसते. याचे महाराष्ट्राशी असलेले नाते आपण विसरू नये. डॉ. केकी घरडा यांच्या घरडा केमिकल्सने ते भारतात स्वतःच्या संशोधनावर बनवले, गुजरातेत पानोळीला; पुढे हा पॉलिमरचा व्यवसाय बेल्जियमच्या सॉल्व्हेने घेतला. घरडांचा एक मोठा कारखाना लोट्याला आहे आणि खेड तालुक्यातच लवेलला त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय. जगात बोटावर मोजण्याइतक्या कंपन्यांना साधणारी गोष्ट इथल्या रसायनशास्त्रज्ञाने साधली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरीही साध्या पट्टीसाठी पीईईके मागणे चुकीचे. किलोला हजारो रुपये मोजून तुम्ही जे तापमान विकत घेता ते कन्व्हेयरला किंवा नौकेच्या दाराला कधीच लागणार नाही. कॉम्प्रेसरची झडप, वाफेच्या पंपाचे बुश, गरम रसायनातल्या पट्ट्या, ही त्याची घरे. अंजनवेलच्या टर्मिनलमध्ये द्रवरूप नैसर्गिक वायू असतो तशा उणे 162 अंशांच्या थंडीत टेफ्लॉन आणि यूएचएमडब्ल्यू चिवटपणा टिकवतात, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

भावाबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात हा माल किलोवर विकला जातो, आणि यंत्रात बसतो तो आकारमानाने. एक मीटर लांब, 50 मिलिमीटर रुंद, 10 मिलिमीटर जाड पट्टी घ्या, म्हणजे 500 घनसेंटिमीटर. यूएचएमडब्ल्यूची ती भरते 465 ग्रॅम, नायलॉनची 575, असिटलची 705 आणि टेफ्लॉनची 1100 ग्रॅम. किलोचा भाव सारखा असता तरी टेफ्लॉनची पट्टी यूएचएमडब्ल्यूच्या दुपटीहून महाग पडली असती. दरपत्रक मागताना नेहमी पट्टीचा भाव मागावा.

घनतेचा दुसरा उपयोग ओळखीसाठी. दुकानदार देतो तो माल खरोखर कोणता, हे घरच्या मिठाने कळते. साध्या पाण्यात तुकडा टाका: यूएचएमडब्ल्यू तरंगते, बाकी सगळे बुडतात. मग त्याच पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घाला. त्याची घनता 1.2 होते आणि 1.15 घनतेचे नायलॉन वर येते; 1.41 चे असिटल तळाशीच राहते. साधे एचडीपीई आणि यूएचएमडब्ल्यू मात्र दोन्ही तरंगतात. त्यांना तापलेल्या सळईने टेकून पाहावे: एचडीपीई वितळून तार धरते, यूएचएमडब्ल्यू पारदर्शक रबरासारखे होते पण वाहत नाही. काळ्या रंगावर विसंबू नये. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेले नायलॉन काळसर असते, आणि पुन्हा वितळवलेल्या भंगाराची पट्टीही काळीच असते. टेफ्लॉन जाळून पाहण्याचा मोह मात्र टाळावा, त्याचा धूर विषारी असतो.

समोरचा धातू हा निवडीचा अर्धा भाग. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही. घासून निर्माण होणारी उष्णता समोरच्या पोलादातूनच बाहेर जाते. दाब आणि वेग यांचा गुणाकार मर्यादेबाहेर गेला की पट्टी झिजत नाही, वितळते. किनाऱ्यावर यात गंजाची भर पडते. साध्या लोखंडावरचा गंज प्लास्टिकमध्ये रुतून बसतो आणि मग पट्टीच लोखंडाला कानशीसारखी घासू लागते. चांगली पट्टी घेऊन समोर रंगवलेले लोखंड ठेवण्यापेक्षा मध्यम पट्टी आणि समोर 316 जातीचा स्टेनलेस पत्रा, हा सौदा मुरुडच्या हवेत कित्येक पटींनी फायद्याचा. आणि जे झिजते ते शेवटी खाडीत जाते, मासळीच्या पोटात जाते. कमी झिजणारी जोडी निवडण्याला इथे पैशापलीकडचेही कारण आहे. मिलिंगचा भुसा गटारात न लोटता गोळा करून परत विकण्यालाही.

या साऱ्या निवडीत एक मोठी उणीव राहते. माहितीपत्रकांतले आकडे 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता या प्रमाणित हवेत मोजलेले असतात. तशी हवा हर्णैच्या धक्क्यावर क्वचितच असते. कोकणाचे स्वतःचे आकडे काढायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नायलॉन, तेलयुक्त नायलॉन, असिटल, काळे यूएचएमडब्ल्यू आणि पूड भरलेले टेफ्लॉन यांच्या तीन आणि दहा मिलिमीटरच्या मोजून कापलेल्या पट्ट्या. एक संच जेटीवर उन्हापावसात, एक भरतीच्या रेषेखाली, एक छपराखाली. दर महिन्याला वजन काट्यावर आणि रुंदी मायक्रोमीटरवर, बारा महिने. लवेलच्या किंवा रत्नागिरीच्या मुलांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात हे आरामात बसते, खर्च काही हजारांचा. पहिले वजन मात्र मे महिन्यात, पट्ट्या ओव्हनमध्ये सुकवूनच घ्यावे.